एक अंगावर, एक दांडीवर : कापूसपट्ट्यातील मर्यादित वस्त्रसंचाचा इतिहास

गोषवारा

मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या कपड्यांवर गरज भागविण्याची पद्धत आज ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ या नावाने शहरी मध्यमवर्गात रूढ होत आहे. ही कल्पना पाश्चात्त्य आणि अलीकडची मानली जाते. परंतु यवतमाळ-वर्धा या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात मर्यादित वस्त्रांचा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत अभाव, व्रत, हक्क आणि काटकसर अशा निरनिराळ्या रूपांत पुढे आला. प्रस्तुत लेखात या रूपांचा परामर्श घेऊन, वस्त्रांची मर्यादा कोण ठरवितो, या प्रश्नावरच तिचे नैतिक मूल्य अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : वस्त्रसंच, कापूस, खादी, वस्त्रस्वावलंबन, अपरिग्रह, लुगडे, वऱ्हाड, घाटंजी.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी अन्न व निवारा यांच्या इतिहासाकडे अभ्यासकांनी जेवढे लक्ष दिले तेवढे वस्त्राकडे, विशेषतः सामान्य माणसाच्या घरातील वस्त्रसंख्येकडे, दिलेले दिसत नाही. राजवस्त्रे, पैठणी, शालू यांवर विपुल लेखन झाले. दांडीवर वाळणाऱ्या दुसऱ्या लुगड्याचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही.

‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही संज्ञा लंडनमध्ये ‘वॉर्डरोब’ नावाचे दुकान चालविणाऱ्या सूझी फॉ यांनी १९७० च्या दशकात प्रचारात आणली. बदलत्या फॅशनच्या मागे न लागता थोडे परंतु उत्तम प्रतीचे कपडे घ्यावेत आणि त्यांचीच निरनिराळी जुळणी करावी, असा तिचा आशय होता. १९८५ साली अमेरिकन वेशकार डोना कॅरन यांनी एकमेकांशी जुळणाऱ्या सात कपड्यांचा संच बाजारात आणला आणि ही कल्पना नोकरदार स्त्रियांमध्ये लोकप्रिय झाली. या कल्पनेमागे एक गृहीतक आहे. ज्याच्या कपाटात गरजेपेक्षा जास्त कपडे आहेत, अशा माणसाला ती उद्देशून आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हा केळापूर, आर्णी, यवतमाळ या भोवतालच्या तालुक्यांप्रमाणे कापूस पिकविणारा तालुका आहे. कुणबी, गोंड, कोलाम, बंजारा, बौद्ध अशा विविध समाजांची वस्ती या परिसरात आहे. जेथे कापूस पिकतो तेथेच पिकविणाऱ्याच्या अंगावर पुरेसे कापड का नसावे, हा प्रश्न या प्रदेशाच्या इतिहासाशी निगडित आहे. म्हणून मर्यादित वस्त्रसंचाची चर्चा या भूमीवरून करणे उचित ठरते.

कापसाचा प्रदेश आणि कापडाची टंचाई

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे वणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यास १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तेथील कापसाची आवक थांबल्याने इंग्लंडमधील गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडकडे वळली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि १८७० मध्ये खामगाव शाखामार्गाचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले.

या लोहमार्गांचा हेतू केवळ कापूस बाहेर नेणे एवढाच नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी आपल्या अहवालात तो स्पष्टपणे मांडला होता. लोहमार्गामुळे मँचेस्टरचे कापड स्थानिक कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, त्यामुळे सूतकताईत गुंतलेले हात शेतीकडे वळतील आणि कच्च्या कापसाची निर्यात वाढेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढील काळात घडले ते बहुतांशी या अपेक्षेप्रमाणेच. घराघरांतील चरखा मागे पडला. कोष्टी विणकर, तसेच जाडेभरडे कापड विणणारे महार समाजातील कारागीर यांचा व्यवसाय खालावला. त्यांतील अनेकांनी जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत मजुरी पत्करली.

परिणामी कापड ही घरात तयार होणारी वस्तू न राहता रोख पैशाने विकत घेण्याची वस्तू झाली. रोख पैसा कापसाच्या भावावर आणि सावकाराच्या मर्जीवर अवलंबून होता. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत तर अन्नासाठीच भांडी व दागिने विकावे लागले, तेथे कापडाची खरेदी दूरच राहिली. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकरी कुटुंबाच्या राहणीचे जे वर्णन केले आहे, त्यात वस्त्रांचे दारिद्र्य ठळकपणे दिसते. फुले केवळ वर्णनावर थांबले नाहीत. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास ते सामान्य शेतकऱ्याच्या वेशात उपस्थित राहिले आणि हाच खऱ्या हिंदुस्थानचा पोशाख आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

लुगड्याचे आयुष्य

ग्रामीण घरातील वस्त्रसंच लहान होता, तरी त्याचा वापर अत्यंत काटेकोर होता. स्त्रीजवळ साधारणतः नेसण्यासाठी दोन लुगडी व दोन चोळ्या असत आणि ऐपत असल्यास सणावारासाठी एखादे ठेवणीतले लुगडे असे. पुरुषाजवळ धोतरे, बंडी, उपरणे, मुंडासे आणि थंडीपावसासाठी घोंगडी असे. ‘एक अंगावर, एक दांडीवर’ या शब्दांत हा हिशेब मांडला जाई. नवीन कापडाची खरेदी कापूस विकल्यानंतर, दिवाळीस किंवा घरातील लग्नकार्यास होत असे.

लुगड्याचे आयुष्य अनेक टप्प्यांचे असे. सतत बसण्या-उठण्याने ते मध्यभागी विरले की तेथे कापून, चांगली टोके जोडून दंड घालीत. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ नेसता येई. त्यानंतर त्यातून लहान मुलांची झबली निघत, पाळण्यात अंथरायला तुकडे होत, मासिक पाळीसाठी कापड मिळे. उरलेले थर एकावर एक ठेवून गोधडी शिवली जाई आणि शेवटचा तुकडा पोतेरे म्हणून चुलीपाशी जाई. आज ज्यास पुनर्वापर म्हणतात तो स्त्रियांच्या श्रमावर उभा होता. दंड घालणे, ठिगळ लावणे, गोधडी शिवणे या कामांची नोंद कोणत्याही उत्पन्नात झाली नाही.

बंजारा समाजातील स्त्रीच्या वेशाचे उदाहरण याच संदर्भात पाहता येईल. फेटिया, काचळी व ओढणी ही तिची वस्त्रे संख्येने थोडी, परंतु भरतकाम, आरसे व कवड्या यांनी समृद्ध असत आणि वर्षानुवर्षे वापरली जात. म्हणजे संख्येची मर्यादा व सौंदर्याची हौस या परस्परविरोधी गोष्टी नव्हत्या.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. दुसरे वस्त्रच नसणे म्हणजे काय, याची साक्ष गांधीजींच्या आत्मकथेत आढळते. १९१७ मध्ये चंपारणातील भितिहरवा येथे मळकट वस्त्रांतील स्त्रियांना स्वच्छतेविषयी विचारण्यास कस्तुरबा गेल्या असता, एका स्त्रीने त्यांना झोपडीत नेऊन आपल्याजवळ अंगावरच्या साडीखेरीज दुसरी साडीच नसल्याचे दाखविले. दांडीवरचे दुसरे वस्त्र ही चैनीची नव्हे, तर स्वच्छतेची व सन्मानाची किमान अट होती.

व्रत म्हणून मर्यादा

३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची मोठी होळी झाली. खादी महाग पडते, गरिबांनी ती कशी घ्यावी, हा प्रश्न त्या काळात गांधीजींपुढे वारंवार येत होता. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी स्वतः पंचा स्वीकारला. खादी महाग असेल तर कपडे कमी करावेत, हा त्यामागील युक्तिवाद होता. मात्र सहकाऱ्यांनी व अनुयायांनी आपले अनुकरण करावे अशी आपली अपेक्षा नाही, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. ही बाब पुष्कळदा विसरली जाते.

रवींद्रनाथ टागोरांनी त्याच वर्षी ‘सत्याचे आवाहन’ या अर्थाच्या आपल्या निबंधात कापड जाळण्यास आक्षेप घेतला. ज्यांना वस्त्रांची गरज आहे त्यांच्या वतीने ती जाळण्याचा अधिकार कोणाला, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. गांधीजींनी ऑक्टोबर १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले. वस्त्रहीनांना टाकाऊ कपडे देणे हा त्यांचा अपमान असून त्यांना काम दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दोघांच्याही विचाराच्या केंद्रस्थानी वस्त्रहीन माणूस होता, ही बाब महत्त्वाची आहे.

त्याच वर्षी विनोबा भावे वर्धा येथे आले. १९३६ मध्ये गांधीजी सेगावी राहावयास गेले आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रहाचा समावेश होता. तेथे अल्पवस्त्र हे व्रत होते आणि ते स्वेच्छेने स्वीकारलेले होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. खादी व ग्रामोद्योगांच्या या संग्रहालयामुळे वस्त्रनिर्मितीच्या साधनांचे दालन या कापूसपट्ट्यातच उभे राहिले.

वीस वारांचा हिशेब

व्रताची भाषा मजुरीच्या भाषेत उतरली ती १९३५ मध्ये. अखिल भारतीय चरखा संघाने त्या वर्षी कातणाऱ्यांच्या मजुरीविषयी ठराव केला. आठ तासांच्या कार्यक्षम कामाबद्दल एवढी मजुरी मिळावी की तीतून शास्त्रीय प्रमाणानुसार अन्न व वर्षाकाठी किमान २० वार कापड मिळू शकेल, असे त्यात नमूद होते. येथे वस्त्राची मर्यादा प्रथमच खालच्या बाजूने निश्चित झाली. कमाल किती वापरावे याऐवजी किमान किती मिळालेच पाहिजे, असा हा विचार होता.

या २० वारांचा व्यवहारातील अर्थ तपासून पाहता येतो. पन्ह्यातील फरक बाजूला ठेवल्यास दोन नऊवारी लुगड्यांस १८ वार व दोन चोळ्यांस सुमारे २ वार लागतात. पुरुषाच्या बाबतीत पाच वारी दोन धोतरांस १० वार, दोन बंड्यांस सुमारे ५ वार आणि उरलेल्या ५ वारांत उपरणे व मुंडासे बसते. म्हणजे चरखा संघाने निश्चित केलेले किमान प्रमाण आणि ‘एक अंगावर, एक दांडीवर’ ही लोकरीत यांचा हिशेब जवळपास एकच येतो.

हे कापड स्वतः कातून मिळवायचे झाल्यास श्रम किती पडत, याचेही गणित मांडता येते. दर इंचास ४० उभे व ४० आडवे धागे आणि ३६ इंच पन्हा असलेल्या एक वार कापडास २,८८० वार सूत लागते. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सुताची अट घातली होती. वर्षाचे २४,००० वार सूत होते आणि त्यातून सव्वाआठ वारांच्या आसपास कापड निघते. एवढ्यात एक लुगडेही पुरे होत नाही. २० वार कापडासाठी ५७,६०० वार आणि पाच माणसांच्या कुटुंबासाठी २,८८,००० वार सूत लागेल. कातण्याची गती ताशी ३०० वार धरली तरी हे काम ९६० तासांचे, म्हणजे रोज अडीच तासांहून अधिक होते. शेतात निंदण व वेचणी करून, दळण-पाणी उरकून हे तास कोणी काढावयाचे, याचे उत्तर सांगण्याची आवश्यकता नाही. वस्त्रस्वावलंबनाचा भार स्त्रियांवर अधिक पडला आणि लांब नऊवारीमुळे खादीचा खर्च व वजनही त्यांच्याच वाट्याला अधिक आले.

१९३८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नियोजन समितीने दरडोई वार्षिक कापडवापर सुमारे १५ वारांवरून किमान ३० वारांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९४४ च्या मुंबई योजनेनेही ३० वार हेच प्रमाण मानले. याचा अर्थ असा की, चरखा संघाचे २० वारांचे ‘किमान’ देशाच्या तत्कालीन सरासरीपेक्षाही अधिक होते.

नाकारलेली मर्यादा

वस्त्रांची मर्यादा सर्वांसाठी व्रत नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असा निर्बंध आहे. अस्पृश्यांनी कोणते कापड, कोणत्या पद्धतीने नेसावे यावर गावाची बंधने होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वेळी त्यांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केले. जातीची ओळख पटविणारी नेसण्याची पद्धत व दागिने सोडावेत, स्वच्छ राहावे आणि इतर स्त्रियांप्रमाणे लुगडी नेसावीत, असे त्यांनी सांगितले. परिषदेनंतर अनेक स्त्रियांनी ते तत्काळ आचरणात आणले.

डॉ. आंबेडकरांचा नीटनेटका पाश्चात्त्य पोशाख आणि गांधीजींचा पंचा यांची तुलना नेहमी व्यक्तिमत्त्वांच्या अंगाने केली जाते. वस्त्रेतिहासाच्या दृष्टीने पाहता दोघांची आरंभस्थाने भिन्न होती. ज्याला पूर्ण पोशाखाचा अधिकार होता त्याने त्याचा त्याग केला आणि ज्या समाजाला तो नाकारला गेला होता त्याच्या नेत्याने तो धारण केला. त्यागाचा उपदेश वंचितांना लागू करता येत नाही, हे महाडच्या प्रसंगातून स्पष्ट होते.

या दोहोंमधील एक वेगळी भूमिका वऱ्हाडातच आढळते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांचा वेश धारण केला. मात्र त्यांच्या कीर्तनात दारिद्र्याचे कौतुक नसे. भांडी मोडा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, परंतु मुलाला शाळेत घाला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. कापडावर वाचविलेला पैसा कशासाठी, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. तरीही काटकसरीची पहिली कात्री स्त्रीच्या लुगड्यावर चालते, ही बाब येथेही नजरेआड करता येत नाही.

नियंत्रणाच्या कापडापासून पॉलिएस्टरपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात वस्त्रमर्यादा हा शासकीय धोरणाचा विषय झाला. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर कुपनपद्धती लागू झाली आणि ती १९४९ पर्यंत चालली. राजघराण्यापासून कामगारापर्यंत सर्वांना कुपने लागत. हिंदुस्थानात १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला, वस्त्रोद्योग आयुक्तांचे कार्यालय सुरू झाले आणि गरिबांसाठी प्रमाणित कापडाची योजना आली. स्वातंत्र्यानंतर १९६४ पासून नियंत्रित कापडाची आणि १९७६ पासून हातमागावरील जनता कापडाची योजना राबविली गेली. स्वस्त धोतरे व साड्या गरीब घरांत पोहोचाव्यात, हा या योजनांचा हेतू होता.

दरम्यान कापडाचा धागाच बदलला. टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन आणि पुढे १९८० च्या दशकात देशी पॉलिएस्टरच्या वाढत्या उत्पादनामुळे न विरणारे, लवकर वाळणारे, इस्त्रीची गरज नसलेले कापड खेड्यांत पोहोचले. नऊवारीची जागा पाचवारीने घेतली. कापूस पिकविणाऱ्या घरातील साडी कृत्रिम धाग्याची झाली. यात विसंगती असली तरी तिला तर्क होता. दोनच साड्या असणाऱ्या स्त्रीला रात्री धुतलेली साडी सकाळी कोरडी मिळणे महत्त्वाचे होते.

कापसाच्या भावाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना, २००२ मध्ये बीटी कापसाला मिळालेली परवानगी, २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेले पंतप्रधानांचे मदत पॅकेज आणि या सर्व काळात यवतमाळ जिल्ह्याने पाहिलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांचा इतिहास सर्वज्ञात आहे. शेतकरी कुटुंबात खर्च कमी करण्याची वेळ आली की नवे कापड प्रथम पुढे ढकलले जाते, ही रीत जुनीच आहे.

आजचा मर्यादित वस्त्रसंच

कॅप्सूल वॉर्डरोबच्या कोणत्याही यादीत जीन्सची पँट बहुधा असतेच. या पँटचे डेनिम कापड यवतमाळजवळील लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडच्या कारखान्यात १९९६ पासून विणले जाऊ लागले. घाटंजी परिसरातील शेत आणि महानगरातील कपाट यांच्यातील अंतर त्यामुळे वाटते तेवढे राहिलेले नाही.

कमी कपडे घेण्याचा आजचा आग्रह पर्यावरणाच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. तथापि महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतात. एकाच रंगाचे तेच ते कपडे घालून येणारी एक विद्यार्थिनी निवडीने तसे करते, तर दुसरीजवळ पर्याय नसतो. वरवर दोघींचा वेश सारखाच दिसतो. साधेपणाचे धडे देताना हा भेद न पाहिल्यास अभावालाच सद्गुणाचे नाव दिले जाण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मर्यादित वस्त्रसंच ही कापूसपट्ट्यास नवी कल्पना नसून, वस्त्र पूर्ण झिजेपर्यंत वापरण्याचे परिपक्व तंत्र येथे विकसित झाले होते व ते प्रामुख्याने स्त्रियांनी जोपासले. दुसरा, या मर्यादेचे मूळ सर्वत्र साधेपणात नव्हते. वसाहतकालीन व्यापारनीती, सावकारी व जातिव्यवस्था यांनी ती लादली होती. तिसरा, १९३५ च्या ठरावातील २० वारांचे प्रमाण हे या इतिहासातील सर्वांत उपयुक्त सूत्र आहे, कारण त्यात वस्त्राची मर्यादा मजुरीशी जोडलेली आहे.

व्रत, काटकसर वा पर्यावरणनिष्ठा यांपैकी कोणत्याही नावाने कमी कपड्यांचा पुरस्कार करावयाचा असल्यास आधी दांडीवरचे दुसरे वस्त्र प्रत्येकाला मिळेल याची हमी असावी लागते. ती हमी कापूस वेचणाऱ्या हातांच्या मजुरीतून आणि पिकविणाऱ्याच्या भावातूनच निर्माण होऊ शकते.